शेणात कालवलेलं शेवाळ

आमच्या घरी गोबरगॅस आला तो गोव्यातल्या लोखंडाच्या खाणी बंद पडल्या म्हणून. त्याआधी हे सुर्ल्याच्या बाजूला टिपर चालवायचे. खाणीत माल भरायचा, नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतायचा आणि परत फिरायचं. मी दोडामार्गाकडून लाटंबार्स्याला लग्न होऊन आले तेव्हापासून यांचे कपडे लालच बघितले. कितीही साबण लावला तरी बनियनचा रंग विटकरीच राहायचा. मग एक दिवस सगळं थांबलं. महिनाभर हे रोज सकाळी आंघोळ करून, दारावर येणाऱ्या पोदेराचा पाव चहात बुडवून खाऊन, पायात चप्पल घालून तयार होऊन बसायचे. कुणाचा तरी फोन येईल, म्हणायचे. फोन आला नाही. पुढे चप्पल घालायचंही बंद झालं.

गाई घ्यायचं माझं डोकं. माझ्या माहेरी गोठा होता, मला त्यातलं कळत होतं. आधी दोन घेतल्या, मग तीन झाल्या, शेवटी पाच. सगळ्या संकरित, ताठ कानाच्या, खाण्याला बेसुमार. सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालायचं. धार काढायचं काम मी केलं, गवत कापायचं यांनी. शेण मात्र कुणालाच नको होतं. गोठ्यामागे त्याचा डोंगर झाला, पावसात तो वाहून शेजाऱ्यांच्या काजूच्या मुळाशी जायला लागला, आणि शेजारी बोलायला लागले. तेव्हा यांनी टाकी बांधायचं ठरवलं.

टाकी बांधली ती आमच्या आवाठात, वाड्यातच, खोली घेऊन राहणाऱ्या गवंड्याने. तो बेळगावकडचा, पन्नाशीतला, बायको-मुलं गावी ठेवून वीस वर्षं गोव्यात भिंती बांधत होता. त्याने चिऱ्याच्या जमिनीत विहिरीसारखा गोल खड्डा खणला, आतून वीट आणि सिमिट केलं, एका अंगाला शेण कालवायची कुंडी, दुसऱ्या अंगाला कुजलेल्या शेणाची मळी बाहेर यायची वाट. वर लोखंडाची मोठी पालथी टाकी. आत गॅस धरला की ती टाकी आपोआप वर उचलली जाते आणि गॅस संपला की खाली बसते. मला ते पहिल्यांदा खरंच वाटलं नव्हतं. एवढं जड लोखंड शेणाच्या वाफेने कसं उचलणार?

तीन आठवड्यांनी उचललं. पहिला गॅस पेटत नाही, तो सोडून द्यावा लागतो, असं गवंड्याने सांगितलं होतं. दुसऱ्यांदा यांनी शेगडीची चावी फिरवली, मी काडी लावली. आधी नुसता फुस्स आवाज आला. मग निळी ज्योत उभी राहिली, अगदी बारीक, कडेला जरा थरथरणारी.

"बघ गो, जळता," हे म्हणाले.

एवढंच. पण खाण बंद पडल्यापासून यांच्या तोंडून मी असा आवाज ऐकला नव्हता. त्या शेगडीवर मी पहिल्यांदा दूध तापवलं आणि ते उतू जाऊ दिलं.

वर्ष-दीड वर्ष तसं बरं चाललं. सकाळचा चहा, भात, आमटी गॅसवर व्हायची. संध्याकाळी मात्र पुरायचा नाही. टाकी दुपारपर्यंत खाली बसलेली असायची आणि मला काजूची लाकडं चुलीत घालावी लागायची. हे रोज टाकीपाशी उभे राहून बघत बसायचे. टिपरच्या इंजिनातला आवाज ऐकून बिघाड सांगणारा माणूस, त्याला गॅस का कमी पडतो ते कळत नव्हतं, आणि ते यांना टोचत होतं.

अशात ती बाई आमच्याकडे आली. तिचे वडील कोल्हापूरकडून डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आलेले, ती इथेच वाढलेली आणि आता शेवाळावर संशोधन करत होती. वय तिशीच्या आत. स्कूटरवर यायची, पाठीवर मोठी पिशवी, पिशवीत बाटल्या. तिला शेणाची टाकी असलेलं आणि रोज न चुकता शेण घालणारं घर पाहिजे होतं. डेअरीवाल्यांनी आमचं घर दाखवलं. तिचं म्हणणं असं की टाकीतून बाहेर पडणारी मळी पातळ करून उथळ हौदात ठेवली की ऊन खाऊन त्यात शेवाळ वाढतं. ते गाळून परत शेणात कालवून टाकीत घातलं की गॅस वाढतो. म्हणजे टाकीचं उष्टं टाकीलाच भरवायचं.

मला ते काही पटलं नाही. हौदावर, विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ येतं ते आपण घासून काढतो. पण हे तिच्यासमोर उकिडवे बसून ऐकत होते, आणि तिने बोलणं थांबवलं तेव्हा हळूच म्हणाले, "शेण आसा, पाणी आसा, ऊन आसा. आनी काय व्हया?"

गोठ्यामागे गवंड्याने तीन उथळ हौद केले, गुडघ्याच्याही खाली येतील एवढेच, आत निळं प्लास्टिक. बाईने आपल्या बाटलीतलं हिरवं पाणी त्यात ओतलं, विरजण लावतात तसं. आठ-दहा दिवसांनी पाणी असं हिरवं झालं की त्यात हात घातला तर बोटं दिसेनात. हे दिवसातून चार वेळा लाकडी वल्ह्याने ते हलवायचे, नाहीतर शेवाळ तळाला बसतं. मग माझं जुनं सुती लुगडं चार पदरी करून त्यातून गाळायचं. लुगड्यावर जाड हिरवी साय राहायची, वास ओल्या मातीसारखा, किंचित माशासारखा. ती सुरुवातीला एक लोटा, मग दोन, असं शेणात कालवून कुंडीत सोडायची.

बाई फार सांभाळून काम करणारी होती. "काका, घाई करू नका," ती सांगायची. "आत जिवंत जिवाणू आहेत. त्यांना नवीन खाण्याची सवय व्हावी लागते. एकदम जास्त दिलं तर टाकी आंबेल." लोखंडी टाकीवर तिने पांढऱ्या रंगाने बोटाबोटावर रेघा मारल्या होत्या, टाकी किती वर आली ते दिसायला. हे रोज सकाळी त्या रेघा वहीत लिहायचे. सातवी शिकलेला माणूस. लिहायची सवय पार मोडलेली, पण तारखेपुढे रेघ, रेघेपुढे ऊन होतं की ढग, सगळं लिहायचे. स्वयंपाकघराच्या जनेलात तिच्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या असायच्या. कधी कधी मी भाजी चिरताना त्यातून ऊन येऊन सगळं ताट हिरवं दिसायचं.

गॅस वाढला. खोटं कशाला सांगू? दुसऱ्या महिन्यात टाकी पूर्वीपेक्षा वीतभर जास्त वर यायला लागली. रात्रीचा भातसुद्धा मी संध्याकाळीच गॅसवर करून ठेवायला लागले. आवाठातले लोक बघायला यायचे. काही हसायचे, पण टाकीवरच्या रेघा बघून गप्प व्हायचे. हे त्यांना समजावून सांगायचे, बाईचे शब्द आपल्या भाषेत करून. त्या दिवसांत यांची पाठ सरळ झाली होती. मी हे लक्षपूर्वक पाहिलं होतं, कारण खाण बंद झाल्यावर ती कशी वाकली तेही मीच पाहिलं होतं.

मग यांच्या डोक्यात पाळी गावातल्या बंद खाणीचा खड्डा आला. खाणीतलं पाणी पंपाने काढायचं बंद झालं तसं तिथे ते भरत गेलं होतं, आणि आता ते एखाद्या तळ्यासारखं झालं होतं. यांनी तिथला माल पंधरा वर्षं उचलला होता. त्या खड्ड्यात शेवाळ वाढवायचं, म्हणायचे, आणि गावागावांत टाक्या बांधायच्या. पाळी, सुर्ला, आमचं लाटंबार्से. ज्यांच्या खाणी गेल्या त्यांच्या घरात निदान चूल तरी त्याच खड्ड्यातून पेटेल. एकदा ते बाईला तिथे घेऊन गेले. परत आल्यावर बाई पाणी प्यायली आणि मला म्हणाली की काकांना जरा समजवा. त्या पाण्यात लोखंड आहे, आणखी काय काय आहे ते तपासल्याशिवाय त्यातलं काहीही टाकीत घालू नये. तिने यांनाही तेच सांगितलं होतं. यांनी मान हलवली होती.

पावसाळा आला तसं शेवाळ गेलं. चार महिने ऊनच नाही. हौदांवर पत्रे टाकले तर उजेड नाही, पत्रे काढले तर पावसाचं पाणी भरून सगळं पातळ. हिरवं पाणी आधी पिवळं झालं, मग तपकिरी. बाई म्हणाली हे होणारच होतं, तिच्या अभ्यासात हेही लिहायचं आहे. तिला त्यात काही वाईट वाटलं नाही. यांना वाटलं. आणि पावसाळा संपायच्या आत तिची शिष्यवृत्ती संपली. पुण्याला एका प्रयोगशाळेत नोकरी मिळाली. जायच्या दिवशी ती सगळ्या बाटल्या घेऊन गेली, फक्त एक ठेवली, विरजणासाठी. कागदावर मोठ्या अक्षरात सगळी कृती लिहून दिली. मला मिठी मारली. यांच्या पाया पडली. हे पाया पडून घेताना मागे सरकले, आणि मग बराच वेळ वल्हं हातात घेऊन रिकाम्या हौदापाशी उभे राहिले.

ऊन आल्यावर यांनी कागदाप्रमाणे सगळं केलं. शेवाळ धरेना. दोन दिवस पाणी हिरवट दिसायचं आणि तिसऱ्या दिवशी निवळशंख. बाईने फोनवर सांगितलं की पाण्यात बारीक किडे झाले असतील, ते शेवाळ खातात. सगळं रिकामं करा, हौद धुवा, उन्हात वाळवा, परत लावा. यांनी तीनदा लावलं. तिसऱ्यांदा जरा धरलं असं वाटत होतं, तेवढ्यात कुणीतरी तक्रार केली की हौदात डास होतात. त्या वर्षी गावात तापाचे रुग्ण होते. पंचायतीतून दोघे आले, हौदात वाकून बघितलं. डासांच्या अळ्या होत्याच. हौद रिकामे करावे लागले. यांनी काही वाद घातला नाही. स्वतःच प्लास्टिक उपसून बाहेर काढलं.

त्याच हिवाळ्यात आमची सगळ्यात जास्त दूध देणारी गाय व्याल्यानंतर उठली नाही. डॉक्टर आले, सलाईन लावलं, तिसऱ्या दिवशी ती गेली. मागोमाग दोन भाकड झाल्या म्हणून विकल्या. शेण कमी झालं, तसा गॅस कमी झाला. पुन्हा चूल. पुन्हा धूर. माझ्या डोळ्यांना तोपर्यंत मोतीबिंदू धरत होता, धुरात पाणी वाहायचं आणि मला फोडणीतली मोहरी तडतडली की नाही ते कानाने कळायचं.

तेव्हा हे पाळीच्या खड्ड्याकडे गेले. मला सांगून नाही गेले. आपल्या जुन्या स्कूटरवर दोन पोती बांधून आणली, त्यातून लाल पाणी गळत होतं. आत लांब लांब तंतूंचं शेवाळ, केसांच्या गुंतवळासारखं. बाईच्या पाण्यातल्या शेवाळासारखं ते अजिबात नव्हतं. मी विचारलं, धुतलं का? म्हणाले, धुतलं. पण त्या तंतूंत लाल गाळ असा अडकलेला होता की तो दहा पाण्यांनीही निघाला नसता. खाणीची लाली कशी चिकटते ते मला विचारा. मी बाईला फोन लावून दिला. ती बराच वेळ बोलत होती. हे नुसते "व्हय, व्हय" करत होते, मग आवाज तुटतोय म्हणून त्यांनी फोन मला परत दिला. आवाज तुटत नव्हता. मला तिचं बोलणं नीट ऐकू येत होतं. ती म्हणत होती की काकांना सांगा, त्यापेक्षा नुसतं शेण घाला, कमी गॅस मिळेल पण टाकी जगेल.

मी ते सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. आठवड्यातून दोनदा पोती यायची. आधी थोडे दिवस टाकी खरोखर वर आली. यांनी वही परत काढली, त्यात रेघा लिहिल्या. मग टाकी एका बाजूला कलली. आत तंतूंचा जाड थर धरला होता आणि लोखंड त्यात अडकत होतं. कुंडीतून आंबट, सडका वास यायला लागला. ज्योत पिवळी झाली, नंतर लागायची आणि विझायची. एके दिवशी लागलीच नाही.

चार-पाच महिने टाकी तशीच पडून होती. हे बोलेनासे झाले. गवत कापून आणायचे, गाईंना पाणी दाखवायचे, आणि उरलेला वेळ घरापुढच्या खळ्यात बसायचे. मी सिलिंडर आणला तर त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. मुलगी पेडण्याला दिलेली, ती येऊन सांगून गेली की आई, बाबांना कुठेतरी कामाला लावा, वॉचमन म्हणून का होईना. मी म्हटलं, तूच सांग. तिने सांगितलं नाही.

शेवटी गवंड्यानेच विषय काढला. टाकी त्याने बांधलेली, त्यालाही तिचं वाईट वाटत असावं. एका रविवारी तो आणि हे मिळून कामाला लागले. साखळीची कप्पी लावून लोखंडी टाकी बाहेर काढली आणि काजूखाली उलटी ठेवली. मग दोन दिवस बाल्द्यांनी मळी उपसली. सगळी निघाली नाही. तळाला लाल गाळ बसला होता, गुडघ्याएवढा, वरून शेवाळाचे थर. गवंडी म्हणाला, आता हे चार दिवस उघडं राहू दे. उन्हं खाऊ दे. मग आत दिवा सोडून बघू, दिवा विझला नाही तर उतरू. त्याच्या गावाकडे अशा टाकीत उतरून कोंडलेल्या वायूने दोघे भाऊ गेले होते, तेही त्याने सांगितलं. हे ऐकत होते. मी चहा देत होते, मीही ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिलिंडर संपला. लाकडं ओली होती. मी फुंकून फुंकून थकले, डोळ्यांत पाणी, पेज अर्धी कच्ची, आणि हे दारात उभे राहून टाकीकडे बघत होते. म्हणाले की गाळ निघाला की बाईला फोन करूया, परत विरजण मागवूया.

मी म्हटलं, "तुमच्या त्या शेवाळार भात शिजणा नाय. खाण गेली तेवाच तुमी गेलात. उगाच माका का नाचवतात?"

हे शब्द मी बोलले. इतकी वर्षं आम्ही एकत्र होतो, अशी मी कधी बोलले नव्हते.  यांनी माझ्याकडे बघितलं आणि बाहेर गेले. मला वाटलं गवताला गेले.

पेज झाली तेव्हा दहा वाजून गेले असतील. मी हाक मारली. उत्तर नाही. विळा खुंटीवरच होता. मी गोठ्यात बघितलं, मग टाकीकडे गेले. शिडी आत सोडलेली होती. मी वाकून बघितलं तर हे तळाला भिंतीला टेकून बसले होते, कमरेपर्यंत गाळात, मान छातीवर, बाजूला फावडं. दुपारी खळ्यात डुलकी लागायची तेव्हा असेच बसायचे. मला वाटलं रुसून बसलेत. मी म्हटलं, "अहो, वर या. पेज जाली." दुसऱ्यांदा म्हटलं. मग खालून तो वास माझ्या तोंडावर आला, कुजक्या अंड्याचा, आणि मी शिडीवर पाय ठेवला.

गवंडी शेजारच्या कुंपणाची भिंत बांधत होता. त्याने मला शिडीवर बघितलं आणि थापी टाकून धावत आला. माझ्या दंडाला धरून त्याने मला असं ओढलं की मी मागे पडले. "वहिनी, मागं व्हा. कुणी बी खाली जायचं न्हाई." त्याच्याबरोबर काम करणारे दोघे आले. त्याने बांधकामावरचा दोर स्वतःच्या कमरेला बांधला, दुसरा दोर हातात घेतला, छाती भरून श्वास घेतला आणि उतरला. वरून ते दोघे दोर धरून होते. मी मोजत नव्हते, पण मला अजून ते सगळं दिसतं: त्याने यांच्या काखेतून दोर घातला, गाठ मारताना त्याचे हात घसरले, त्याने वर बघितलं, गाल फुगलेले, आणि गाठ न मारताच वर आला. ओकला. परत श्वास घेतला. परत उतरला. दुसऱ्या वेळी गाठ बसली.

हे वर आले तेव्हा पूर्ण लाल होते. मी पदराने त्यांचं तोंड पुसत होते आणि ते जात नव्हतं.

मोठ्या इस्पितळात अकरा दिवस हे बेशुद्ध होते. जगले. डॉक्टरांनी मला आणि मुलीला बसवून नीट समजावलं. मेंदूला काही मिनिटं हवा मिळाली नाही. जे परत यायचं ते पहिल्या सहा महिन्यांत येईल, नंतर फार आशा धरू नका. डॉक्टरीण चांगली होती, खोटं बोलली नाही. आम्ही सहा महिने धरून बसलो. चालणं परत आलं, पण पाय ओढत. घास तोंडापर्यंत नेणं आलं. काही शब्द आले: पाणी, चल, पाव, माझं नाव. हात थरथरतात, बटण लावता येत नाही. मुलीला ओळखतात, पण तिचं लग्न झालंय हे त्यांना दर वेळी नव्याने सांगावं लागतं. त्या सकाळी मी काय बोलले ते त्यांना आठवतं का, हे मला माहीत नाही. एकदा विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले, आणि पाणी मागितलं.

गवंडी दोनदा इस्पितळात येऊन गेला. दुसऱ्या वेळी बाहेर बाकावर बसून म्हणाला, "मीच बांधली हो ती टाकी." मी म्हटलं, तुम्ही त्यांना वर काढलंत. त्याने मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. पुढच्या महिन्यात तो खोली सोडून गावी गेला तो कायमचा. जायच्या आधी मला न विचारता त्याने चिऱ्यांचे तुकडे, राडारोडा, माती आणून टाकीचा तो खड्डा काठोकाठ भरून टाकला. मी घरात होते, फावड्याचा आवाज ऐकत होते. बाहेर गेले नाही. लोखंडाची टाकी भंगारवाला घेऊन गेला.

गेल्या वर्षी बाई आली. तिला मुलीकडून कळलं होतं. हातात जाडजूड पुस्तक, तिच्या पदवीचं. त्यात आमच्या गोठ्याचा फोटो होता, निळ्या हौदांचा, आणि पांढऱ्या रेघा मारलेल्या टाकीचा. फोटोखाली लिहिलं होतं, डिचोली तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या घरी. सुरुवातीच्या पानावर तिने यांचे आभार मानले होते. तिने ते पान उघडून यांच्या मांडीवर ठेवलं आणि वाचून दाखवलं. हे ऐकत होते की नाही कळत नव्हतं. त्यांनी पानावर तळहात ठेवला, फिरवला, कागद गुळगुळीत आहे हे बघावं तसा. बाई रडायला लागली. म्हणाली, मी इथे आलेच नसते तर. मी तिला असं म्हणू नको असं सांगितलं नाही.  मी तिला चहा दिला, सिलिंडरवरचा, आणि तिच्या मुलाबाळांचं विचारलं. लग्न झालं नाही म्हणाली. जाताना पुस्तक इथेच ठेवून गेली. ते कपाटावर आहे.

दोन गाई उरल्या होत्या, त्या मी या दिवाळीनंतर माझ्या माहेरच्या बाजूच्या एकाला दिल्या. डोळ्यांचं ऑपरेशन झालं तरी एकटीने सगळं होईना. यांना आंघोळ घालायची, जेवू घालायचं, मग धार, मग गवत. टेम्पोत गाई चढवताना हे खळ्यात उभे होते. एक गाय चढायला तयार नव्हती. यांनी पाय ओढत जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती चढली. तेव्हा मला वाटलं की यांना कळलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रिकाम्या गोठ्यात जाऊन झाडू मारत होते.

अजून मारतात. रोज. तिथे झाडण्यासारखं काही नसतं. थरथरत्या हातातला झाडू जमीन नुसती ओरखडतो. मुलगी म्हणते, आई, गोठा पाडून टाक, आणि तुम्ही दोघं पेडण्याला या. मी बघू म्हणते. तिकडच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं कुठे मावणार ते तिलाही माहीत आहे आणि मलाही. झाडून झालं की हे उंबऱ्यावर येऊन बसतात, आणि मी त्यांचे पाय धुते.